मालकाचा नकार, मालकाचा होकार

बंदुकीचा परवाना सहजासहजी मिळत नाही. अर्ज, पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खेपा, हे सगळं करून तो हाती पडतो, आणि म्हणूनच तो मिळाला की माणसाची एक पक्की समजूत होते: शस्त्र आपलं आहे, तेव्हा आपण जाऊ तिथे ते आपल्यासोबत येणार. मग खामगाव किंवा मलकापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कर्मचारी, चिखलीच्या पतसंस्थेतला वसुली अधिकारी किंवा बुलढाण्याच्या शाळेतला शिक्षक कमरेला पिस्तूल लावून कामावर येतो आणि वरिष्ठ त्याला सांगतात, ‘हे उद्यापासून आणायचं नाही.’ इथे वाद सुरू होतो. कर्मचारी म्हणतो, मला सरकारने परवानगी दिली आहे. मालक म्हणतो, आवार माझं आहे. या वादात दोघांनीही लक्षात ठेवावी अशी गोष्ट एकच आहे. मालकाचा नकार अंतिम असतो, पण मालकाचा होकार पुरेसा नसतो. ही दोन्ही वाक्यं एकाच मुळातून निघतात. परवाना ठरावीक माणसाला ठरावीक कारणासाठी दिलेला असतो. माणूस बदलला किंवा कारण बदललं की त्याचा आधार सुटतो.

शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे नागरिकाचा हक्क मानला गेलेला नाही, आणि हे अनवधानाने झालेलं नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग देशाच्या मनात होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. बुलढाणा तेव्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्याच प्रांतातून निवडून गेलेले हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. शेवटी कलम १९ मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य आलं ते ‘शांततेने आणि विनाशस्त्र’ या शब्दांसह. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना हाच फरक दाखवला: अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत तो कुणालाही दिलेला नाही. म्हणजे परवाना ही सवलत आहे. वाहन चालवण्याचा परवाना खिशात असला म्हणून कुणाच्याही वाड्यात गाडी घालता येत नाही, तसंच हे आहे.

या सवलतीची हद्द कुठवर, ते परवान्याच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं, पण शस्त्र घेतल्यावर ती पानं क्वचितच कुणी उघडतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवाना जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता की देशभराचा, तो स्वसंरक्षणासाठी आहे, पिकाच्या रक्षणासाठी की नेमबाजीसाठी, हे त्यात नोंदलेलं असतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. ते परजणं किंवा दाखवत फिरणं हा नियमभंग आहे. परवान्याची आणखी एक जुनी अट आहे: जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात आणि शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयात काम करणाऱ्यांना मालकाच्या होकार-नकाराचा प्रश्नच उरत नाही. मुख्याध्यापकांनी किंवा संस्थाचालकांनी ‘आणा, काही हरकत नाही’ म्हटलं तरी अट मोडतेच, आणि परवान्याची अट मोडणं हा कलम ३० खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. त्यातच सण, आंदोलनं आणि निवडणुकांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात. ते वर्तमानपत्रात वाचून सोडून देण्याची आपल्याला सवय झाली आहे, पण परवानाधारकाने त्यातली शस्त्रबंदी आणि तिला दिलेल्या सवलती ओळीने वाचायला हव्यात.

आता मालकाच्या नकाराकडे पाहू. पुष्कळांना तो मनमानी वाटतो, पण त्यामागे कायद्याचं बळ आहे. पहिलं बळ नोकरीच्या कराराचं. वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून न पाळणं हे स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं, आणि आवारात विनापरवानगी प्राणघातक शस्त्र बाळगणं हेही अशा याद्यांमध्ये वेगळं नोंदलेलं आढळतं. इथे ‘विनापरवानगी’ म्हणजे कारखान्याच्या परवानगीविना. जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हे त्यावरचं उत्तर होत नाही. दुसरं बळ शस्त्र कायद्यातूनच येतं. कलम ३५ सांगतं की अनेकांच्या एकत्रित ताब्यातल्या जागेत किंवा वाहनात गुन्ह्याशी संबंधित शस्त्र सापडलं, तर ज्यांना त्याची माहिती होती असं मानायला जागा आहे, ते प्रत्येकजण जबाबदार धरले जाऊ शकतात. या कायद्याखालचा गुन्हा कळल्यास जवळच्या ठाण्याला माहिती देण्याचं कर्तव्य कलम ३६ घालून देतं, आणि गुन्हा कंपनीकडून घडला तर कुणाला धरायचं ते कलम ३३ सांगतं. थोडक्यात, तुमच्या टेबलाच्या खणातलं पिस्तूल हा फक्त तुमचा प्रश्न राहत नाही. त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्याही मानेवर त्याचा भार येतो. ज्याने भार घ्यायचा, त्याला ‘नको’ म्हणता आलंच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो: जिल्हाधिकाऱ्यांनी पोलिसांचा अहवाल पाहून परवाना दिला, मग मालक त्यांच्यावर शिरजोर कसा? उत्तर सोपं आहे. परवाना शासन आणि तुम्ही यांच्यातला व्यवहार आहे. तो जवळ असेपर्यंत शासन तुमच्यावर विनापरवाना शस्त्राचा खटला भरणार नाही, एवढंच त्याचं अभय. तिसऱ्या माणसाने आपल्या जागेत काय येऊ द्यावं, याबद्दल परवाना एक शब्दही बोलत नाही. शस्त्र हा हक्क मानणाऱ्या अमेरिकेतही हा पेच सुटला तो कायदेमंडळात. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट इथल्या वेअरहाउझर कंपनीच्या कारखान्यात, वाहनतळावरच्या गाड्यांत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढून टाकण्यात आलं. त्यानंतर त्या राज्याने गाडीत कुलूपबंद ठेवलेल्या बंदुकीला मालक मनाई करू शकणार नाही असा कायदा केला, तो अपिलात टिकला, आणि इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. यातून दोन गोष्टी दिसतात. असा कायदा होईपर्यंत हक्काच्या देशातही मालकाचीच बाजू वरचढ होती, आणि कायदा आला तोही गाडीपुरता; कारखान्याच्या आत बंदूक नेण्याची मुभा त्याने दिली नाही. आपल्याकडे तर असा कायदाच नाही. म्हणून ‘आत नेत नाही, गाडीच्या डिक्कीत ठेवतो’ ही पळवाट इथे चालत नाही, आणि ती धोक्याचीही आहे. वाहनतळावरून गाडी चोरीला गेली तर पिस्तूलही जातं, आणि ते कुठे वापरलं गेलं याची चौकशी तुमच्या दारापासून सुरू होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जीव वाचवण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. मग साधन काढून घेणारा मालक उद्या काही झालं तर जबाबदारी घेणार का? भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात शहागड इथल्या बुलडाणा अर्बनच्या शाखेवर शस्त्रधारी दरोडा पडला, तेव्हा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक पतसंस्था कर्मचाऱ्याच्या घरी त्याची चर्चा झाली असेल. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात हेही खरं. पण हा हक्क कृतीचा आहे. अमुक हत्यार अमुक जागी जवळ ठेवण्याची हमी त्यात नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर किंवा गरजेपेक्षा जास्त इजा करायला तो लागू होत नाही. त्यापुढे व्यवहाराचा विचार करा. दरोडेखोर आधीच पिस्तूल रोखून आत येतात आणि खोली ग्राहकांनी भरलेली असते, त्या क्षणी म्यानातलं हत्यार काढणारा कारकून स्वतःसोबत इतरांचाही जीव पणाला लावतो. आणि दरोडा रोज पडत नाही, हत्यार मात्र रोज हाताळलं जातं. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. पहाटे, घरात, प्रवासाला निघताना ते कपाटात ठेवण्याच्या गडबडीत हा अपघात झाला. आजूबाजूला गर्दी नसताना हे होऊ शकतं, तर जेवणाच्या सुट्टीत डबे उघडणाऱ्या दहा जणांच्या खोलीत काय होऊ शकतं, याचा विचार मालकाने केला तर तो भित्रा ठरत नाही.

तिसरा आक्षेप माजी सैनिकांकडून येतो, आणि आपल्या जिल्ह्यात बँका, एटीएम आणि कारखान्यांच्या दारावर त्यांची संख्या मोठी आहे. ते म्हणतात, अपघात अडाण्यांच्या हातून होतात. आम्ही शस्त्रासोबत आयुष्य काढलं आहे. प्रशिक्षणाने अपघात कमी होतात हे मान्य. पण कामाच्या जागेचा धोका फक्त अपघाताचा नसतो. तिथे वरिष्ठ असतो, रजा नाकारली जाते, अपमान गिळावा लागतो, पाळी संपत नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठ सहायक उपनिरीक्षकाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. तो प्रशिक्षित होता, गणवेशात होता, कर्तव्यावर होता, आणि शस्त्र सरकारी होतं. एका घटनेवरून सगळ्या जवानांबद्दल निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल, पण कौशल्य आणि मनाचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं त्यातून नक्की कळतं. मालकाला कर्मचाऱ्याची नेमबाजी एकवेळ तपासता येईल, त्याची उद्याची मनःस्थिती तपासता येणार नाही. म्हणून तो सरसकट नाही म्हणतो, आणि चांगल्या माणसाने तो नकार स्वतःचा अपमान समजू नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. कित्येक ठिकाणी मालकाला बंदूक नको नसते, उलट हवीच असते. रखवालदाराच्या जाहिरातीत ‘स्वतःची बारा बोअर असल्यास प्राधान्य’ असा मजकूर दिसतो, आणि गरजू माणूस आपली दोन नळी बंदूक घेऊन दारावर उभा राहतो. इथे होकार आहे, पगारही आहे, तरी आधार नाही. त्याचा परवाना स्वतःच्या रक्षणासाठी आहे. दुसऱ्याची तिजोरी राखण्यासाठी तो वापरणं म्हणजे कारण बदलणं. संस्थेला सशस्त्र पहारा हवा असेल तर तिने आपल्या नावाने परवाना घ्यावा, त्यात शस्त्र हाताळणाऱ्या माणसांची नोंद करून घ्यावी, किंवा २००५ च्या खासगी सुरक्षा अभिकरण कायद्याखाली परवाना असलेल्या एजन्सीकडून माणूस घ्यावा. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची मॉरिस नोरोन्हा याच्या कार्यालयात समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या झाडून हत्या झाली आणि नंतर नोरोन्हाने स्वतःला संपवलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल नोरोन्हाच्या अंगरक्षकाचं होतं, त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता, आणि तो ते मालकाच्याच कार्यालयात ठेवत असे. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. गोळी त्याने झाडली नव्हती, पण ज्याच्या नावाचं शस्त्र, त्याच्यावर ते दुसऱ्याच्या हाती पडू न देण्याची जबाबदारी असते. कामाच्या जागी शस्त्र ठेवून घरी जाणाऱ्या प्रत्येक रखवालदाराने हे प्रकरण लक्षात ठेवावं.

हीच चूक शेतात तर परंपरेसारखी चालते. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेची गावं असोत की सातपुड्याच्या पायथ्याची संग्रामपूर, जळगाव जामोदकडची, रोही आणि रानडुकरं उभं पीक एका रात्रीत लोळवतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे भरमारचा, परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. पण परवाना असतो शेतमालकाच्या नावाने आणि रात्री जागलीला जातो सालदार. मालक घरी झोपतो, भरमार सालदाराच्या खांद्यावर. कलम ३ मध्ये एक सूट आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. सालदाराने एकट्याने जागल करणं यात बसत नाही. पकडला गेला तर विनापरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात, ज्याला २०१९ नंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, तो अडकतो. ‘मालकाने दिली’ हे सांगून तो सुटत नाही, फक्त मालकही सोबत अडकतो. शिवाय परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यप्राण्याला मारण्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते. म्हणून सालदाराने अशा वेळी स्वतःच नाही म्हणायला शिकावं. इथे नकार नोकराचा आहे, आणि तोही तितकाच अंतिम आहे.

मग प्रत्यक्षात काय करावं? कामावर शस्त्र नेण्याचा विचार असेल तर आधी पुस्तिका काढून क्षेत्र, कारण, मुदत आणि अटी वाचा. मग नेमणूकपत्र आणि आस्थापनेचे नियम वाचा. त्यानंतरही गरज वाटत असेल तर वरिष्ठांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत शस्त्र आवाराबाहेर ठेवा. तोंडी होकारावर विसंबू नका, कारण काही घडल्यावर तो कुणालाच आठवत नाही. नकार आला तर शस्त्र घरीच, रिकामं करून, कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा आणि काडतुसं वेगळ्या जागी ठेवा. घरात ते सुरक्षित राहणार नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मित्राकडे, शेजाऱ्याकडे किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे ‘संध्याकाळपर्यंत’ ठेवायला देऊ नका. तो गुन्हा तुमचाही होतो आणि त्याचाही. आणि मूळ भीतीला उत्तर शोधा. धमकी असेल तर तारीख, वेळ, फोन नंबर यासह ठाण्यात लेखी तक्रार द्या. रोकड न्यायची असेल तर एकट्याने न नेणं, वेळ आणि रस्ता बदलणं, दोन माणसं आणि गाडी देणं, मोठ्या रकमेसाठी परवानाधारक एजन्सी लावणं, या मागण्या लेखी करा. पिस्तुलाला नाही म्हणणाऱ्या मालकाला या मागण्यांकडे पाठ फिरवता येऊ नये; नकाराचा अधिकार त्याचा असेल तर सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच आहे. आधीच नोटीस आली असेल तर मुदतीत उत्तर द्या, परवान्याची प्रत जोडा, आदेश पाळत असल्याचं लिहून द्या. एकदा चूक झाली म्हणून चौकशीशिवाय कामावरून काढलं तर त्या शिक्षेविरुद्ध कामगार कायद्याखाली दाद मागता येते. शिक्षा जास्त होती असा युक्तिवाद तिथे टिकू शकतो. शस्त्र आणणं माझा हक्क होता, हा टिकणार नाही.

मालकांसाठीही दोन शब्द. नियम मनात ठेवू नका, मराठीत लिहून दारावर लावा, आणि तो संचालकांच्या नातेवाइकांपासून भेटीला येणाऱ्या पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सारखा लावा. कर्मचाऱ्याकडे शस्त्र दिसलं तर ते हिसकावून स्वतःच्या खणात ठेवू नका. तुमच्याकडे परवाना नसेल तर ते तुमच्याही ताब्यातलं विनापरवाना शस्त्र होतं. त्याला शस्त्रासह आवाराबाहेर जायला सांगा, शंका किंवा धमकी असेल तर ठाण्याला कळवा. आणि एक गोष्ट दोघांनीही ओळखावी: मध्य प्रदेशच्या सीमेवरून सातपुडा उतरून येणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या बातम्या सोनाळ्याच्या बाजूने अधूनमधून येतात, आणि ज्याला सरळ वाटेने ‘नाही’ ऐकावं लागतं त्याला ही आडवाट स्वस्त वाटू शकते. त्या वाटेवर ना परवाना आहे, ना कारण, ना नाव. ज्याने मालकाचा नकार मानून शस्त्र घरी कुलपात ठेवलं, त्याच्याकडे निदान परवाना, नोकरी आणि तक्रार करण्याचा नैतिक अधिकार, तिन्ही शाबूत राहतात.